थेंबावरचा अंमल

लासलगावच्या शिवारात उन्हाळ कांद्याची लागण उरकून महिना-दीड महिना लोटला, रोपांनी मुळे धरली आणि पातीवर करपा किंवा फुलकिडे दिसू लागले, की पाठीवर पंप अडकवून फवारणीस निघालेल्या शेतकऱ्याची पहिली गाठ रोगाशी किंवा किडीशी पडत नाही. ती पडते पाण्याच्या स्वभावाशी. कांद्याची पात उभी, पोकळ आणि वरून मेणाचा अत्यंत पातळ लेप असलेली असल्यामुळे तिच्यावर पडलेले निव्वळ पाणी पसरत नाही. ते जागच्या जागी गोळा होते, क्षणभर थरथरते, शेजारच्या थेंबात मिसळून जड होते आणि घरंगळत वाफ्यात जाऊन पडते, म्हणजे पिकासाठी विकत घेतलेले औषध मातीच्या खाती जमा होते. हा अनुभव नित्याचा असल्यामुळेच दुकानदार औषधाच्या डब्याबरोबर स्टिकरची बाटली न मागता पुढे सरकवतो आणि शेतकरीही पंपाच्या पाण्यात टोपणाने मोजून स्टिकर टाकल्यावाचून कामाला लागत नाही. स्टिकर पडलेल्या पाण्याचा तोच थेंब पातीवर टेकताच सपाट होतो, कडेकडेने सरकत जातो आणि ओलीचा पातळ पट्टा उमटवून तेथेच वाळतो.

या व्यवहारामागचे तत्त्व टॉमस यंग या इंग्रज वैद्याने 1805 साली शब्दांत मांडले. पाण्याच्या पोटातील रेणूस चहूबाजूंनी शेजारी असतात व त्यांच्या ओढी परस्परांस फेडून टाकतात. पृष्ठावरील रेणूस मात्र बाहेरच्या अंगाने सोबती नसल्यामुळे नवा पृष्ठभाग निर्माण करावयाचा म्हटला की त्यासाठी ऊर्जेचे मोल द्यावे लागते, आणि ते मोल कमीत कमी पडावे अशी तजवीज थेंब गोल होऊन करीत असतो. यासच पृष्ठताण म्हणतात. थेंब एखाद्या घन पदार्थावर बसला म्हणजे त्याच्या काठावर तीन सरहद्दी एकत्र येतात: पाणी व हवा यांची, पाणी व घन यांची आणि घन व हवा यांची. या तिन्ही सरहद्दींवरील ताणांचा समतोल ज्या कोनात साधतो, तो स्पर्शकोन. तो काटकोनाहून लहान असेल तर पाणी अंग पसरते, मोठा असेल तर अंग चोरून बसते. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण नेहमीच्या तापमानास मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन भरतो. सिलिकोनजातीचे उत्तम स्टिकर तो 20 ते 22 वर आणून ठेवते, आणि मग मेणाचा लेप असूनही पातीला पाणी नाकारता येत नाही.

मात्र हे सारे घडते ते थेंब लहान आहे एवढ्याच एका कारणाने. विहिरीतले, पाटातले, हौदातले पाणी वजनाच्या हुकमात वागते, कारण वजन लांबीच्या घनाने वाढते आणि पृष्ठताणाचे बळ केवळ लांबीच्या प्रमाणात; आकार दहापट कमी केला की वजन हजारपट घटते, पृष्ठताणाचे बळ मात्र दहाचपट. पाण्याच्या बाबतीत या दोन सत्तांची सीमा सुमारे 2.7 मिलिमीटरांवर पडते. त्याहून लहान थेंबाच्या मुलखात गुरुत्वाकर्षणाची दाद लागत नाही. तेथे ज्याला सत्ता चालवावयाची असेल त्याने पाण्याच्या राशीवर जोर करण्याऐवजी पाण्याच्या काठावर, म्हणजे सरहद्दीवर, आपला बंदोबस्त बसविला पाहिजे. स्टिकर हेच करते. परंतु स्टिकरचा हुकूम एकदा सुटला की मागे घेता येत नाही, आणि तो अमुक थेंबापुरता किंवा अमुक क्षणापुरता लागू करण्याचीही सोय नाही. थेंबाला वाटेल तेव्हा पसरावयास सांगावे, वाटेल तेव्हा आवरावयास सांगावे, हे रसायनाच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. विजेच्या आवाक्यात ते आहे, ही गोष्ट उघडकीस आली ती पाऱ्यामुळे.

गाब्रिएल लिपमान हा तरुण फ्रेंच पदार्थवैज्ञानिक 1870 नंतरच्या काही वर्षांत हायडेलबर्ग येथे शिकत असता तेथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्यूने यांनी त्याला एक प्रयोग दाखविला: सौम्य गंधकाम्लाखाली ठेवलेल्या पाऱ्याच्या थेंबास लोखंडाची तार टेकविताच तो आखडतो आणि तार काढताच पुन्हा पूर्वस्थितीस येतो. इतरांनी गंमत म्हणून पाहिलेल्या या हालचालीत लिपमानला नियम दिसला. पारा आणि अम्ल यांच्या सरहद्दीवर विद्युत् भार गोळा होतो, सजातीय भार एकमेकांस दूर लोटतात, त्यामुळे ती सरहद्द विस्तारण्यास लागणारे मोल उतरते, म्हणजेच पृष्ठताण विजेच्या दाबानुसार बदलतो. 1875 च्या आपल्या प्रबंधात त्याने याचे गणित पुरे केले आणि याच तत्त्वावर केशनलिकेतील पाऱ्याची पातळी पाहून अत्यल्प विद्युद्दाब मोजणारे एक उपकरण तयार केले. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी 1887 साली मानवी हृदयाचा पहिला विद्युत्-आलेख नोंदविला तो याच उपकरणाने, हे आज फार थोड्यांच्या स्मरणात असेल. खुद्द लिपमान यांना 1908 साली नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र रंगीत छायाचित्रणासाठी.

पाऱ्यावर चालणारा हा नियम पाण्यावर सरळसरळ चालविता येईना. पाण्यात धातूचे अग्र बुडवून दाब वाढवू लागले की सव्वा व्होल्टाच्या आसपास पाण्याचे विघटन सुरू होते, बुडबुडे सुटतात आणि पृष्ठताणात म्हणण्यासारखा फरक पडण्यापूर्वीच मामला हातचा जातो. शंभराहून अधिक वर्षे ही अडचण तशीच राहिली. 1993 साली ग्रनोबल येथील ब्रुनो बेर्ज यांनी तिच्यातून काढलेली वाट ऐकावयास इतकी साधी आहे की ती आधी कोणास सुचू नये याचे नवल वाटावे: पाणी आणि धातू यांच्यामध्ये विद्युत्-निरोधक पदार्थाचा पातळ थर घालावयाचा. आता वीज पाण्यातून वाहत नाही, म्हणून विघटन नाही. पण थराच्या एका बाजूस धातूत आणि दुसऱ्या बाजूस पाण्यात परस्परविरुद्ध भार साठतात, थेंबाचा तळ आणि धातू मिळून एक धारित्र बनते, आणि त्या साठ्याच्या जोरावर थेंबाचा काठ बाहेर ओढला जातो.

हा ओढा किती असतो याचा हिशेब वाचकांस स्वतः करून पाहता येईल. स्पर्शकोनाच्या कोज्येत पडणारी भर ही दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. थर एक मायक्रॉन जाडीचा आणि त्याचा विद्युत्-अपारक स्थिरांक 3 धरला, तर 50 व्होल्टांनी ही भर सुमारे 0.46 येते, जलविरोधी पृष्ठावर 115 अंशांच्या कोनात अंग चोरून बसलेला थेंब त्यायोगे 88 अंशांवर येतो, म्हणजे काटकोनाची वेस ओलांडतो. दाबाचा वर्ग येत असल्यामुळे धन-ऋण असा भेद उरत नाही, दिशा पालटणारी वीजही तितकेच काम करते. थर अर्धा केला तर तेवढ्याच परिणामास दाब कमी पुरतो. पण थर जसा पातळ तसा तो विजेने फुटण्याचा धोका अधिक, आणि या दोन टोकांच्या मध्ये कोठे उभे राहावयाचे हा या शास्त्रातील कारागिराचा रोजचा प्रश्न असतो.

येथवर थेंब जागच्या जागी पसरला आणि आवरला. त्याला चालते करण्याचे काम अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात रिचर्ड फेअर आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल पोलॅक यांच्या हातून झाले. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील यंत्रात काचेवर एका ओळीत सात चौकोनी विद्युदग्रे होती, प्रत्येकाच्या मध्यापासून शेजाऱ्याच्या मध्यापर्यंत दीड मिलिमीटर अंतर होते, आणि वरच्या-खालच्या दोन काचांच्या फटीत मायक्रोलिटरभर किंवा त्याहून किंचित कमी आकारमानाचा क्षारजलाचा थेंब चेपून बसविलेला होता. थेंब आपल्या चौकोनापेक्षा थोडा मोठा असल्यामुळे त्याचा काठ शेजारच्या चौकोनात डोकावत असे. त्या शेजारच्या चौकोनास 40 ते 80 व्होल्ट दाब दिला आणि मागचा बंद केला, की पुढच्या काठाचा कोन उतरे, मागच्याचा तसाच राही, आणि दोहोंमधील तफावतीने थेंब पुढे सरके. हे हुकूम सेकंदाला वीसपर्यंत देता आले आणि थेंबाने सेकंदाला सरासरी 30 मिलिमीटरांचा वेग गाठला. यानंतर 2003 साली लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात किम यांच्या गटाने थेंब निर्माण करणे, चालविणे, तोडणे आणि जोडणे ही चारही कामे विजेच्याच हुकमाने एका पटावर करून दाखविली, आणि ज्याला अंकीय सूक्ष्मद्रवशास्त्र म्हणतात त्याची घटना पुरी झाली.

यांतील तोडण्याचे काम जवळून पाहण्याजोगे आहे. सारीपाटावरील सोंगटीप्रमाणे थेंब एका घरातून दुसऱ्या घरात जातो खरा, पण सोंगटीचे दोन तुकडे करून दोन्हींनी खेळ पुढे चालविता येत नाही. येथे तेही होते. ओळीतील तीन घरांपैकी मधल्यावर थेंब बसलेला असता दोन्ही टोकांची घरे एकदम चालू करून मधले बंद करतात. थेंब दोन्ही दिशांस ओढला जाऊन लांबट होतो, मधल्या घराचा पृष्ठभाग पुन्हा जलविरोधी झाल्यामुळे तेथील पाणी मागे हटू लागते, कमर बारीक होते, दोन्ही बाजूंनी आत वळते आणि तुटते. दोन टोकांना दोन थेंब गोल होऊन बसतात. हे साधण्यास काचांमधील फट घराच्या मापाच्या मानाने पुरेशी अरुंद असावी लागते. फट रुंद ठेवली तर थेंब ताणला जातो, पण तुटत नाही. मिसळण्याचे काम याहून कठीण. इतक्या लहान मापात पाण्यात भोवरे उठत नाहीत, आणि दोन थेंब एकत्र केले तरी त्यांतील पदार्थ केवळ विसरणाने, म्हणजे रेणूंच्या संथ भटकंतीने, एकमेकांत जिरतात. म्हणून जोडलेल्या थेंबास आठ घरांच्या छोट्या चौकात गरगर फिरवितात. ज्या मिश्रणास स्वस्थ ठेवल्याने दीड मिनिट लागे ते अशा फेऱ्यांनी तीन सेकंदांच्या आत झाल्याची नोंद ड्यूकच्या गटाने 2003 साली केली आहे.

थेंब नेमका कशाने सरकतो यावर पंडितांत मतभेद झाले आणि त्यांचा तपशील मला स्वतःला फार उद्बोधक वाटतो. एक पक्ष म्हणे, कोन बदलला म्हणून थेंब चालला. दुसऱ्या पक्षाने एक अडचणीचा दाखला पुढे ठेवला: दोन उभ्या पत्र्यांमध्ये विद्युत् क्षेत्र निर्माण केले, तर वीज न वाहणारा तेलासारखा द्रवही पत्र्यांच्या फटीत वर चढतो, हे पेला या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दाखविले होते आणि तेथे कोनाच्या बदलाचा आधार घ्यावा लागत नाही. आजचा निर्णय असा की ओढणारे बळ मुळात विद्युत् क्षेत्राचे असून ते थेंबाच्या काठावरील अरुंद पट्ट्यात एकवटलेले असते. कोनाचा बदल हे त्या बळाचे दिसणारे एक चिन्ह होय, त्याचे कारण नव्हे. या निर्णयास व्यावहारिक महत्त्वही आहे. कारण वर दिलेल्या हिशेबात 50 च्या जागी 100 व्होल्ट घातले, तर कोज्या एकाहून मोठी येते, म्हणजे सूत्राच्या मते थेंबाने संपूर्ण पसरून पातळ पापुद्रा व्हावयास पाहिजे. प्रत्यक्षात बहुधा 60 ते 80 अंशांच्या दरम्यान कोठे तरी कोन अडून बसतो आणि दाब कितीही वाढविला तरी खाली उतरत नाही. थरात भार अडकून पडतात म्हणून असे होते असे कोणी म्हणतात, काठावरील हवा विजेने फुटते म्हणून असे कोणी म्हणतात. सर्वांस मान्य असा खुलासा अजून झालेला नाही. कोन अडला तरी थेंब सरकावयाचा थांबत नाही, हे मात्र दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्याशी जुळते.

पटावरील कारभारास याहून मोठा अडथळा येतो तो प्रथिनांचा. रक्ताचा थेंब जलविरोधी पृष्ठावरून नेऊ लागले की त्यातील प्रथिने पृष्ठास चिकटतात, ती जागा जलस्नेही होऊन बसते आणि पुढचा थेंब तेथे खिळून राहतो. मग विजेच्या हुकमास तो दाद देत नाही. उपाय म्हणून काचांमधील फटीत हवेऐवजी सिलिकोन तेल भरतात. तेलाचा पापुद्रा थेंबाभोवती राहतो, चिकटणे कमी होते, बाष्पीभवन थांबते आणि दाबही कमी पुरतो. मात्र काही रेणू थेंब सोडून तेलात उतरतात आणि एका थेंबातला ऐवज दुसऱ्याच्या खाती जाण्याची भीती राहते. एवढे असूनही व्यवहारात याचा प्रवेश झाला आहे. नवजात बालकाच्या टाचेतून कागदावर घेतलेल्या वाळक्या रक्ताच्या ठिपक्यावरून पेशींतील पाचक विकरांच्या उणिवेचे चार आनुवंशिक विकार हुडकणारे अशा पटाचे यंत्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 साली मंजूर केले. टोरोंटोचे एरन व्हीलर यांच्या गटाने केन्यातील काकुमा येथील निर्वासितांच्या छावणीत बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर गोवर आणि रुबेला यांच्या प्रतिकारशक्तीची परीक्षा याच रीतीने केली. प्रयोगशाळेचा लवाजमा जेथे नेता येत नाही तेथे या विद्येचा खरा उपयोग आहे असे माझे मत आहे. शहरातल्या सुसज्ज रुग्णालयात जुनी यंत्रे तिला सहज भारी पडतात.

आता पुन्हा लासलगावच्या निफाड तालुक्यात येऊ. लासलगावभोवती जसा कांद्याचा मुलूख तसा पिंपळगाव बसवंतच्या बाजूस द्राक्षबागांचा. आणि तेथे थेंबावर विजेचा अंमल बसविण्याची दुसरी रीत कधीपासूनच शेतात उतरली आहे. पटावर वीज थेंबाच्या बाहेर, थराच्या पलीकडे राहते. बागेत ती थेंबाच्याच अंगावर लादून त्याला वाटेस लावतात. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर वेलींची पालवी दाटली आणि मध्येच पाऊस झाला की डावणीचे संकट उभे राहते. या रोगाचे बीजाणू पानाच्या खालच्या अंगावरील रंध्रांतून आत शिरतात, आणि ट्रॅक्टरच्या ब्लोअरने उडविलेला साधा फवारा मात्र मुख्यतः वरच्या अंगावर बसतो. औषध एका दारावर आणि चोर दुसऱ्या दाराने, असा तो प्रकार होय. इलेक्ट्रोस्टॅटिक फवारणीयंत्राची योजना याच अडचणीवर आहे.

अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाचे एडवर्ड लॉ यांनी 1970 नंतरच्या दशकात सिद्ध केलेल्या तोटीत जोरदार हवेने द्रवाचे 30 ते 50 मायक्रॉनांचे कण केले जातात, आणि जेथे द्रवाची धार फुटून कण सुटतात त्याच ठिकाणी तिच्याभोवती बसविलेल्या कड्यास सुमारे हजार व्होल्टांचा दाब दिलेला असतो. कड्याचा द्रवास स्पर्श होत नाही. कड्यावर धन भार असेल तर जमिनीशी जोडलेल्या द्रवातून ऋण भार धारेच्या टोकाकडे ओढला जातो आणि तुटून निघणारा प्रत्येक कण आपल्या वाट्याचा ऋण भार घेऊनच बाहेर पडतो. थेंब तुटण्याच्या क्षणी त्याच्यावर भार प्रवर्तित करावयाची ही युक्ती लॉर्ड केल्व्हिन यांनी 1867 साली पाण्याच्या दोन ठिबकत्या धारांवर करून दाखविली होती. सारे कण सजातीय भाराचे असल्यामुळे हवेत ते एकमेकांत मिसळत नाहीत. वेल ओल्या मुळांनी जमिनीशी जोडलेली असल्याने कण पानाजवळ येताच पानावर विजातीय भार उपजतो, आणि इतक्या लहान कणाच्या बाबतीत ही ओढ वजनास सहज मागे टाकते. पानाच्या कडेने निसटू पाहणारा कण वळून खालच्या अंगावर जाऊन बसतो. 300 मायक्रॉनांच्या एका थेंबाच्या पाण्यातून 50 मायक्रॉनांचे 216 कण होतात, त्यामुळे थोड्या पाण्यात पुष्कळ पान झाकते.

विक्रेते सांगतात तितके हे निर्विघ्न नाही. विद्युत् क्षेत्र दाट पालवीच्या आत शिरत नाही. बाहेरची पाने आपल्यावरच सारा भार ओढून घेतात, आणि जी ओढ बाहेर उपयोगाची तीच आतल्या घडास औषध पोहोचू देत नाही. म्हणून कण आत ढकलण्यास हवेचा झोत लागतो, छत मोकळे ठेवावे लागते, आणि जिब्रेलिक आम्लात एकेक घड पेल्याने बुडविण्याचे डिपिंगचे कष्टाचे काम अनेक बागांतून अजून हातानेच चालते.

थेंबावर भार किती चढवावा यासही निसर्गाने मर्यादा घालून दिली आहे. लॉर्ड रॅले यांनी 1882 साली हिशेब मांडला की थेंबावरील भार वाढत गेला म्हणजे त्याचे आपसातील प्रतिसारण आणि पृष्ठताण यांची तुल्यबळ झुंज एका ठराविक मूल्यास संपते, आणि तेथून पुढे थेंब एकसंध राहू शकत नाही. 50 मायक्रॉनांच्या पाण्याच्या थेंबास हे मूल्य सुमारे दीड कोटी इलेक्ट्रॉनांच्या भाराइतके येते. फवारणीयंत्र त्याचा थोडासाच अंश चढविते. पण पाणी उडून जाते आणि भार मागे राहतो. निफाडच्या हिवाळ्यातील कोरड्या दुपारी कण हवेत आकसत गेला की न वाढविताही त्याचा भार मर्यादेजवळ सरकू लागतो. मेघांतही वीज आणि थेंब यांची अशीच गाठ पडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत कमरा आणि भालवणकर यांनी उभ्या वातविवरात, खालून येणाऱ्या हवेवर तरंगत ठेवलेल्या मोठ्या थेंबांवर आडवे आणि उभे विद्युत् क्षेत्र लावून त्यांचे आकार कसे पालटतात याची मोजमापे 2007 साली प्रसिद्ध केली. पडताना मुळातच चपटा होणारा थेंब आडव्या क्षेत्रात आणखी रुंदावतो, उभ्या क्षेत्रात उलट उभट होऊ पाहतो.

रॅलेची मर्यादा ओलांडलेला थेंब कसा फुटतो हे पाहिले तर फुटणे हा शब्द ढोबळ वाटतो. तो लिंबाच्या आकाराचा लांबट होतो, त्याच्या टोकांतून अतिशय बारीक धारा सुटतात, त्या धारांबरोबर वस्तुमान अगदी थोडे पण भार पुष्कळ जातो, आणि उरलेला थेंब पुन्हा गोल होऊन बाष्पीभवनाच्या पुढच्या फेरीची वाट पाहतो. नळीच्या तोंडाशी विद्युत् क्षेत्रात द्रव असाच शंकू धारण करतो. त्या शंकूचा अर्धकोन 49.3 अंशांचा असतो हे जी. आय. टेलर यांनी 1964 साली गणिताने दाखविले. बारीक थेंबांतून आणखी बारीक थेंब, असे होत होत शेवटी पाणी संपते आणि द्रवात विरघळलेला रेणू आपल्या भारासह उघडा, एकटा, हवेत उरतो. जॉन फेन यांनी मोठमोठे जैव रेणू न मोडता तोलण्यासाठी याच गोष्टीचा उपयोग केला आणि त्यांना 2002 सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

द्राक्ष बागाईतदाराचा या शेवटच्या शोधाशी संबंध त्याच्या कल्पनेपेक्षा निकटचा आहे. 2003 साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अवशेष आढळून माल अडला, तेव्हापासून युरोपास जाणाऱ्या द्राक्षांच्या नमुन्यांची तपासणी सक्तीची झाली, आणि त्या तपासणीच्या पद्धती बसविण्याचे काम पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेकडे आले. नमुन्याची द्राक्षे वाटून, इथिल अ‍ॅसिटेटने अवशेष बाहेर काढून, घटक वेगवेगळे केल्यावर तो द्रव एका बारीक नळीच्या टोकास आणतात आणि तेथे त्याला तीन ते पाच हजार व्होल्टांचा दाब देतात. टेलरचा शंकू उभा राहतो, भारित थेंबांचा फवारा सुटतो, थेंब आकसतात, फुटतात, पुन्हा फुटतात, आणि सुटे झालेले अवशेषांचे आयन यंत्रात मोजले जातात. बागेत ज्या औषधाचा थेंब भार देऊन पानावर चिकटविला, त्याच औषधाचा उरलासुरला अंश प्रयोगशाळेत पुन्हा थेंबात घालून, पुन्हा भार देऊन, या वेळी थेंब फोडून वसूल करावयाचा असा हा क्रम. ज्या औषधासाठी निराळी मर्यादा ठरलेली नाही त्यास युरोपात किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, एवढीच सूट असते, आणि तेवढा अंश ओळखण्याचे सामर्थ्य या फवाऱ्यामुळे यंत्राला येते.

2010 च्या हंगामात नाशिकच्या निर्यातदारांना क्लोरमेक्वाट क्लोराइडने जो फटका दिला तो अद्याप लोकांच्या चांगला लक्षात आहे. बागाईतदार त्याला सीसीसी म्हणतात. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर काडीची फाजील वाढ रोखण्यासाठी ते पूर्वीपासून सर्रास वापरले जाई, आणि युरोपात त्याची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम होती. माल तिकडच्या बंदरांत पोहोचल्यावर अवशेष मर्यादेबाहेर निघाले, आणि त्यानंतर इकडच्या तपासणीच्या यादीत त्याचा समावेश झाला. हे रसायन एप्रिलमध्ये मारले तरी पुढच्या फळात का उतरते हा वनस्पतीच्या शरीराचा विषय असून तो स्वतंत्रपणे लिहिण्याजोगा आहे. यंत्राच्या बाजूने मात्र मामला सरळ होता. क्लोरमेक्वाटच्या रेणूवर धन भार जन्मतःच असतो, त्यामुळे इतर औषधांच्या रेणूंना फवाऱ्यात भार मिळावा म्हणून जी खटपट करावी लागते ती येथे लागत नाही. भोवतीचे पाणी उडाले आणि थेंब फुटला की तो आयन आयताच हाती येतो.